पंचनाम्यानंतरचे महिने

रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालं की हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्ग लागतो आणि त्याच रस्त्याने थोडं पुढे गेलं की पाली गाव. इथे रस्त्याला फाटा फुटतो. एक वाट लांजा, राजापूर करत गोव्याकडे जाते, दुसरी नाणीज, साखरपा मागे टाकून आंबा घाट चढते आणि कोल्हापूरला पोचते. समुद्र इथून वीसेक किलोमीटर दूर. वादळाची बातमी येते ती दापोली-मंडणगडची, पुराची येते ती चिपळूणची, फार तर काजळी नदीकाठच्या चांदेराई बाजारपेठेची. पालीचं नाव त्या यादीत वरचं नसतं. आपत्तीने घराचा हिशेब कसा मोडतो हे समजून घ्यायला म्हणूनच हे गाव मला योग्य वाटतं. छप्पर शाबूत असताना, ओटीवर पाण्याचा थेंब आलेला नसताना घर कर्जात बुडू शकतं, हे इथे नीट दिसतं.

या भागातल्या साध्या घराचं उत्पन्न बहुतेक वेळा तीन ठिकाणांहून येतं. पहिलं आंबा-काजूच्या कलमांचं. स्वतःची असतील तर स्वतःची, नसतील तर कराराने घेतलेली. दुसरं रस्त्याचं : चहाची टपरी, खानावळ, टायरचं दुकान, गॅरेज, वडाप. तिसरं मुंबईचं. घरातला एक तरी माणूस चाकरमानी असतो. पूर्वी त्याची मनिऑर्डर यायची, आता मोबाइलवरून पैसे येतात. कोकणाने ही व्यवस्था कुठल्या पुस्तकात वाचून केलेली नाही. आंबा गेला तर मुंबई आहे, मुंबईत संप झाला तर रस्ता आहे, असा तो पिढ्यांचा हिशेब आहे. तिन्ही एकाच वर्षी बसणार नाहीत, या भरवशावर घर चालतं. भरवसा चुकीचा नव्हता. पण 2020 आणि 2021 या दोन वर्षांत तो तुटला.

मार्च 2020 च्या टाळेबंदीत ऐन हंगामात वाशीच्या बाजाराचं वेळापत्रक कोलमडलं. मुंबईचा माणूस पगाराविना गावी आला. महामार्ग ओस पडला. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि रायगडबरोबर दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्या वेळी शासनाने मदतीचे दर वाढवले. फळबागांना हेक्टरी 50,000 रुपये, दोन हेक्टरांपर्यंत. पुढे झाडांनुसार मदत ठरली तेव्हा नारळाच्या झाडाला 250 आणि सुपारीच्या झाडाला 50 रुपये. नव्याने लावलेली सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं लागतात. 50 रुपयांत रोप येईल, मधली वर्षं येणार नाहीत. शेतकऱ्याचं खरं नुकसान त्या मधल्या वर्षांचं असतं आणि पंचनाम्याच्या कागदावर त्याला रकाना नाही.

दुसऱ्या वर्षी, 16 मे 2021 च्या रविवारी, तौक्ते चक्रीवादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून उत्तरेला गेलं. झाडावरचा आंबा जमिनीवर आला. पडलेला, फुटलेला आंबा पेटीत भरता येत नाही. तो कॅनिंगला जातो आणि कॅनिंगचा दर म्हणजे मजुरी सुटली तर सुटली. किनाऱ्यालगतच्या बागा आधी तयार होतात, त्यांचा बराच माल तोवर बाजारात गेलेला असतो. आतल्या भागातला आंबा उशिरा तयार होतो, त्यामुळे वादळ आलं तेव्हा तिथल्या कलमांवर माल अधिक होता.

इथे विम्याची गोष्ट सांगायला हवी, कारण ती एका तारखेची गोष्ट आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत नुकसान मोजत नाहीत, हवामान मोजतात. महसूल मंडळातल्या केंद्रावर ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पाऊस, ऊन, थंडी किंवा वारा नोंदला गेला तर भरपाई मिळते. शेतकऱ्याने हप्त्याचा आपला हिस्सा भरायचा, बाकीचा भार सरकार उचलतं. कोकणातल्या आंब्यासाठी वेगाच्या वाऱ्याचं संरक्षण 16 एप्रिलला सुरू होऊन 15 मेला संपत होतं. वादळ आलं 16 मेला. मुदत 31 मेपर्यंत वाढवा, ही बागायतदारांची मागणी त्या एका दिवसातून उभी राहिली आहे आणि ती पूर्णपणे रास्त आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात कोकणातल्या झाडांवर आंबा असतो, हे कुणालाही विचारून कळलं असतं.

त्यानंतर दोन महिने सरले आणि 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. महाड तालुक्यातल्या तळियेत डोंगर खाली आला, खेड तालुक्यातल्या पोसऱ्यातही दरड कोसळली. ज्यांनी माणसं गमावली त्यांच्या दुःखापुढे पैशाचा हिशेब मांडणं जड जातं. तरी तो मांडावा लागतो, कारण जे वाचले त्यांना तोच हिशेब पुढची दहा वर्षं सोडवत बसायचं होतं. त्याच दिवसांत वाशिष्ठीवरच्या जुन्या पुलाचा भाग खचला आणि महामार्ग तुटला. आंबा घाटात रस्ता खचून कोल्हापूरची वाट बंद झाली. पालीच्या फाट्यावर उभं राहून पाहिलं तर मुंबईची आणि कोल्हापूरची, दोन्हीकडची गाडी थांबली. फाट्यावरच्या टपरीला पुराचं पाणी लागलं नाही, त्यामुळे पंचनामाही नाही. 3 ऑगस्टला राज्य सरकारने 11,500 कोटींची योजना जाहीर केली. तीत तातडीच्या मदतीसाठी 1,500 कोटी होते, नुकसान झालेल्या दुकानदाराला 50,000 आणि टपरीधारकाला 10,000 रुपयांपर्यंत मदत होती. ज्याचं दुकान भिजलं त्याला काहीतरी मिळालं. ज्याचं गिऱ्हाईक घाटापलीकडे अडकलं त्याचं नुकसान कुठल्या व्याख्येत बसत नाही.

आता एक घर मांडू. घर कल्पित आहे, आकडे सोपे घेतले आहेत, पण अशी घरं या पट्ट्यात पुष्कळ सापडतील. नवरा-बायको, दोन मुलं, म्हातारे वडील. शेजारच्या वाडीतली दीडशे कलमं कराराने घेतलेली. फाट्यावर छोटी खानावळ. पतसंस्थेचं दोन लाखांचं कर्ज. कृषी सेवा केंद्रात फवारणीच्या औषधांची उधारी. वाशीच्या दलालाकडून हंगामाआधी घेतलेली उचल. बाग राखायला ठेवलेल्या गुरख्यांचा पगार. हंगामात सहा लाखांचा आंबा विकला जाईल आणि साडेतीन लाख खर्च वजा जाऊन अडीच लाख उरतील, असा अंदाज होता. वादळानंतर हाती आले तीन लाख. म्हणजे वर्षाचा नफा तर गेलाच, वर 50,000 देणं उरलं. त्यात जून आला. शाळा, वह्या, पावसाळ्याचं धान्य. खानावळीत गिऱ्हाईक नाही.

या घरापुढे तेव्हा कुठल्या वाटा असतात? सोनं तारण ठेवलं तर 50,000 वर वर्षाला 12 टक्क्यांनी महिन्याला 500 रुपये व्याज. गावातल्या बिनपरवाना सावकाराकडून ‘शेकडा पाच’ने घेतले तर महिन्याला 2,500. वर्षाचे 30,000 आणि मुद्दल जसंच्या तसं. वीस महिन्यांत मुद्दलाइतकं व्याज भरून होतं आणि पन्नास हजार डोक्यावर असतातच. माणसाला हे गणित येत नाही असं नाही. पण सोनं बहुधा आधीच गहाण असतं, बँकेत कागद लागतात, आणि सावकार त्याच संध्याकाळी पैसे देतो. घर बुडायला सुरुवात होते ती या संध्याकाळी. वादळाने नेलेली रक्कम ठरावीक असते. त्यानंतर घाईत घेतलेलं कर्ज मात्र वाढत राहतं.

घाई का होते, याचं मोठं कारण सातबाऱ्यात आहे. कोकणातला सातबारा उघडून पाहा. आजोबांचं नाव, त्यांच्या तीन भावांची नावं, त्यातल्या दोघांच्या वारसांची नोंद झालेली, एकाची राहिलेली. एक आत्या डोंबिवलीत, एक चुलतभाऊ बडोद्याला. जमीन कसतो एकजण, कागदावर चौदाजण. नुकसान झालं की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात. 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर मदत बसते. पण पैसे कागदावरच्या खातेदाराच्या नावाने निघतात. सामाईक खातं असेल तर इतरांची संमतीपत्रं आणा. बडोद्याच्या भावाची सही येईपर्यंत गणपती येतात. घराचंही तेच. घरपट्टी भरतो मुलगा, असेसमेंटच्या उताऱ्यावर नाव वारलेल्या वडिलांचं. आणि आपल्या उदाहरणातल्या घराने तर कलमं कराराने घेतली आहेत, तोही बहुतेक वेळा तोंडी करार. फवारणी त्याची, उधारी त्याची, जोखीम त्याची, पण सातबारा मालकाचा. सरकारी मदत मिळालीच तर मालकाला मिळेल. त्यातली काही त्याने पुढे दिली तर तो त्याचा चांगुलपणा. कोकणातल्या आंब्याचा कितीतरी धंदा अशा करारांवर चालतो. हा माणूस मदतीच्या आणि विम्याच्या कक्षेत कसा आणायचा, याचा विचार धोरण आखणाऱ्यांनी फार मागे ठेवला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

बँकेच्या दारातून मात्र एक वाट आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. नैसर्गिक आपत्तीनंतर बँकांनी काय करावं याचे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. 2018 च्या निर्देशांनुसार शासनाने क्षेत्र आपत्तिग्रस्त जाहीर केलं आणि पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा जास्त असेल, तर बँक पीककर्जाचं रूपांतर मुदतकर्जात करू शकते. नुकसान 33 ते 50 टक्के असेल तर फेडीला दोन वर्षांपर्यंत, 50 टक्के किंवा अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत मुदत, आणि त्यात किमान एक वर्ष हप्त्याला सवलत. असं कर्ज थकीत धरलं जात नाही, त्यामुळे नवं पीककर्ज मिळायचा रस्ता खुला राहतो. रत्नागिरी जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया आहे. अशा वेळी जिल्ह्यातल्या बँकांची बैठक घेणं हे अग्रणी बँकेच्या कामात येतं.

पण रूपांतराचा अर्ज करायच्या ऐवजी गावात चालतं ते ‘नवंजुनं’. मुदतीच्या आत कुठून तरी पैसे आणायचे, जुनं कर्ज भरायचं आणि दोन-चार दिवसांत नवं उचलायचं. यामागे कारण आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याजसवलत मिळून शेतकऱ्याला व्याज जवळपास लागत नाही. मुदत चुकली की सवलत गेली. चांगल्या वर्षात नवंजुनं करून निभावतं. आपत्तीच्या वर्षात बिनव्याजी कर्ज वाचवण्यासाठी माणूस शेकडा पाचचं कर्ज काढतो, आणि नवं मंजूर व्हायला महिना लागला तर तो महिना फार महाग पडतो.

पतसंस्थेचं कर्ज थकलं तर प्रकरण वेगळ्या वळणाने जातं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 खाली संस्था वसुलीचा दाखला मिळवते. लोक नुसतं ‘एकशे एक झालं’ म्हणतात, समोरच्याला समजतं. मग कलम 156 खाली जप्ती. कर्जदाराबरोबर जामीनदारांनाही नोटीस जाते आणि जामीनदार असतो मेहुणा, शेजारी, वर्गमित्र. एका घराच्या आंब्याने तीन घरं गोत्यात येतात. मुंबईच्या भावाने सही केली असेल तर गणपतीत घरी येताना तो आधी त्या नोटिशीचं विचारतो. बिनपरवाना सावकाराविरुद्ध कायद्याचा आधार त्या मानाने बरा आहे. 2014 च्या सावकारी नियमन अधिनियमाच्या कलम 18 खाली, सावकारीच्या व्यवहारात गेल्या पंधरा वर्षांत हातची गेलेली जमीन परत मागण्यासाठी जिल्हा निबंधकांकडे अर्ज करता येतो. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला 9 आणि बिनतारणी कर्जावर 12 टक्क्यांच्या वर घेता येत नाही. शेकडा पाच म्हणजे वर्षाला 60 टक्के.

मग असं घर दिवाळखोरी का जाहीर करत नाही? अमेरिकेत अशा वेळी माणूस न्यायालयात जातो, कर्जाचा काही भाग माफ होतो आणि तो नव्याने सुरुवात करतो. आपल्याकडे 2016 ची नादारी व दिवाळखोरी संहिता कंपन्यांसाठी गाजली. तिच्यातला व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. बाकी साध्या माणसाला, मुंबई, कोलकाता, चेन्नई ही शहरं सोडली तर, अजून 1920 चा प्रांतिक नादारी कायदा लागतो. रत्नागिरीच्या माणसाने अर्ज करायचा तो जिल्हा न्यायालयात. 500 रुपयांचं कर्ज असलं तरी अर्ज करता येतो, कारण ती रक्कम 1920 ची आहे. नादार ठरलेल्याला स्थानिक संस्थेत निवडून येता येत नाही. गावात ग्रामपंचायतीचं राजकारण हा प्रतिष्ठेचा भाग असताना हा कलंक कोण घेईल?

नव्या संहितेत ‘नवी सुरुवात’ नावाची तरतूद लिहून ठेवली आहे. वर्षाचं उत्पन्न 60,000 पर्यंत, मालमत्ता 20,000 पर्यंत, कर्ज 35,000 पर्यंत असलेल्याला त्यातून सुटका मिळावी. पण अट अशी की राहतं घर स्वतःच्या मालकीचं नसावं. कोकणात कितीही गरीब माणूस असो, चिऱ्याच्या चार भिंती त्याच्या स्वतःच्या असतात. ही तरतूद उद्या लागू झाली तरी पालीतला कर्जबाजारी माणूस तिच्या दारातूनच परत येईल. याउलट 1879 साली, दख्खनमधल्या सावकारविरोधी दंग्यांनंतर, ब्रिटिश सरकारने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी शेतकरी साहाय्य कायदा केला होता. त्यात कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं आणि शेतकऱ्याच्या नादारीची वेगळी तरतूद केली. शेतकऱ्याचं कर्ज आणि व्यापाऱ्याचं कर्ज एका मापाने मोजू नये, एवढं तरी त्या कायद्याने ओळखलं होतं.

आज वापरण्याजोगी वाट नसल्यामुळे आपली दिवाळखोरी न्यायालयाच्या नोंदीत सापडत नाही. ती सापडते खरेदीखतात. रस्त्यालगतचा पाच गुंठ्यांचा तुकडा विकला जातो, काजूची बाग जाते, मुलीचं शिक्षण बारावीला थांबतं, थोरला मुलगा मुंबईला सुरक्षारक्षक म्हणून लागतो. आणि हे वादळाच्या महिन्यात घडत नाही. अमेरिकेतल्या चक्रीवादळांनंतरच्या दिवाळखोरीच्या अर्जांचा अभ्यास रॉबर्ट लॉलेस यांनी केला होता. त्यांनाही वाढ दिसली ती लगेच नव्हे, वर्ष-दोन वर्षांनी. न्यू ऑर्लिन्सला 2005 साली कतरिना वादळाने बुडवलं. जस्टिन गॅलघर आणि डॅनिएल हार्टली यांनी तिथली कर्जखाती तपासली तेव्हा वेगळंच दिसलं : सर्वांत जास्त पाणी भरलेल्या भागात लोकांचं एकूण कर्ज कमी झालं होतं. घरांना पूरविमा होता आणि विम्याच्या पैशातून अनेकांनी घर पुन्हा बांधण्याऐवजी गृहकर्ज फेडून टाकलं. पैसा वेळेवर हातात आला की मोठ्या आपत्तीनंतरही घर कर्जात बुडत नाही, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

घराच्या विम्याबद्दल इथे दोन ओळी. 1 एप्रिल 2021 पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच मसुद्याची पॉलिसी द्यावी लागते. पूर, वादळ, दरड, भूकंप सगळं तिच्यात येतं. घराच्या विमा रकमेच्या 20 टक्क्यांइतकं, कमाल दहा लाखांपर्यंत, घरातल्या सामानाचं संरक्षण आपोआप मिळतं. टपरी, खानावळ, गॅरेजसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे. कोकणात आपण मोटारसायकलचा विमा पोलिसाच्या भीतीने काढतो आणि घराचा काढतच नाही.

वाचक हो, वादळ गेल्यावर पहिल्या आठवड्यात तीन कामं करा आणि याच क्रमाने करा. नुकसानीचे तारखेसह फोटो काढून तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. विमा असेल तर 72 तासांच्या आत कंपनीला कळवा. मग बँकेत आणि पतसंस्थेत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाचा लेखी अर्ज द्या, शाखेत तोंडी ‘बघू’ म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय उठू नका. त्याआधी कुणाकडूनही शेकडा पाचने पैसे घेऊ नका. आणि एक काम वादळाची वाट न पाहता या उन्हाळ्यातच उरका. वारस नोंद करून घ्या. 2025 साली महसूल खात्याने ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर राबवली ती यासाठीच, आणि ई-हक्क प्रणालीवर घरबसल्या अर्जही करता येतो. बडोद्याच्या चुलतभावाला आजच फोन लावा.